आतोबांचे साहेब

जगातली सगळी यंत्रं माणसांपेक्षा समजूतदार असतात आणि ती कधी बिघडत नाहीत, फक्त रुसतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आम्ही भाचरं त्यांना आतोबा म्हणतो. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी मेंटेनन्समध्ये काढली. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण मेंटेनन्स काही सुटला नाही. तो त्यांच्या पाठोपाठ नेरूळच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आला. मिक्सर, पंखा, फ्रिज, गीझर आणि आत्या अशी सगळी मंडळी त्यांच्या देखरेखीखाली आली. त्यांपैकी आत्या सोडली तर कोणी कधी तक्रार केली नाही.

आतोबांची यंत्र तपासायची रीत अशी : लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग बराच वेळ या जगातून निघून जायचं. कारखान्यात पंपाचं बेअरिंग असंच ऐकतात म्हणे. असेल बुवा. पण फ्रिजला स्क्रूड्रायव्हर लावून उभ्या असलेल्या आतोबांच्या चेहऱ्यावर मी जे समाधान पाहिलंय, ते लोकांच्या चेहऱ्यावर भैरवी ऐकतानासुद्धा दिसत नाही. माझ्या साखरपुड्याला ऐन पंगतीच्या वेळी आतोबा गायब झाले. शोधलं तर हॉलच्या मागच्या बाजूला जनरेटरपाशी डोळे मिटून उभे! मला म्हणाले, "याला बरं नाहीये गं. जेवणं लवकर उरकून घ्या." झालं! आमच्या बाबांनी घाबरून पाहुण्यांना अशी घाई केली, की सासरकडच्या मंडळींना श्रीखंडावर दुसरा हात मारता आला नाही. त्याचा उद्धार मी अजून ऐकते. आणि जनरेटर? ठणठणीत. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत गुरगुरत होता. आतोबांना विचारलं तर म्हणाले, "कोणीतरी विचारपूस केली ना, म्हणून चालला."

दुसरी गोष्ट त्यांच्या पाटीची. लाल अक्षरांतली, दोरी लावलेली एक पत्र्याची पाटी त्यांच्याकडे आहे : 'काम चालू आहे. स्विच लावू नये.' साधा बल्ब बदलायचा तरी आधी मेन स्विच बंद करून त्यावर ही पाटी लटकणार आणि ती फक्त आतोबाच काढणार, असा कडक नियम. एका मे महिन्यात पाटी लटकवून ते बल्ब आणायला गेले आणि बाजारात रसवंतीच्या चरकाचा आवाज ऐकत बसले. आत्या बिचारी भर दुपारी घामाघूम होऊन बसली, पण स्विचला हात लावला नाही. वर आम्हांला सांगते, "नियम म्हणजे नियम हो. ह्यांच्यामुळे कारखान्यात कोणाला कधी करंट लागला नाही." पुढे आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती झोपायची त्या खोलीच्या दाराला आतोबांनी तीच पाटी लावली होती. आम्ही भेटायला गेलो आणि पाटी वाचून मुकाट बाहेर बसलो.

या घरातलं सर्वांत मानाचं यंत्र म्हणजे त्यांचा जुना कॉम्प्युटर. त्यांच्या मुलीनं, म्हणजे माझ्या आतेबहिणीनं, कॉलेजात असताना तो घ्यायला लावला होता. ती शिकली, लग्न करून मेलबर्नला गेली, कॉम्प्युटर इथेच राहिला. आतोबा त्याला साहेब म्हणतात. आत्या त्याला सवत म्हणते. साहेबांना उकडतं म्हणून त्यांच्या डब्याची एक बाजू कायमची काढून ठेवलेली आणि समोर एक टेबलफॅन. सकाळी आंघोळ झाली की आतोबा बटण दाबतात आणि हात मांडीवर ठेवून बसतात. साहेबांना उठायला वेळ लागतो. आधी नुसती घरघर, मग काळा पडदा, मग निळा, मग बराच वेळ काहीच नाही. त्या 'काहीच नाही'त बसायला मला फार आवडतं. खिडकीतून इमारतींच्या फटीतून खाडीची एक पट्टी दिसते आणि थंडीच्या दिवसांत त्या पट्टीवर फ्लेमिंगोंची फिकट गुलाबी रेघ उमटते. ती रेघ कधी जाड होते, कधी पुसट होते, मध्येच एक तुकडा सुटून वर जातो आणि पुन्हा खाली टेकतो. पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडर हलत असतं. बोलायचं काही नसतं. बाहेर अख्खी नवी मुंबई कुठे ना कुठे पोचायला निघालेली असते आणि आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर साहेब उठायची वाट बघत तरंगत असतो. "घाई करायची नाही," आतोबा हलकेच म्हणतात, "त्यांचं वय झालंय."

तर गेल्या हिवाळ्यात आत्या मुलीच्या बाळंतपणाला मेलबर्नला गेली. आतोबाही जाणार होते, पण त्यांच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं. (आत्याच्या मते हे सगळं त्या स्क्रूड्रायव्हरचं पाप.) लग्न झाल्यापासून ही दोघं कधी आठवडाभरसुद्धा वेगळी राहिली नव्हती. खरं सांगते, आतोबा झुरत होते. भाजी एकट्यापुरती करता येईना आणि फोडणीला टाकलेली मोहरी तडतडेपर्यंत थांबायचा धीर राहीना. यंत्रापुढे तासभर बसणारा हा माणूस! रोज साहेबांवर व्हिडिओ कॉल व्हायचा. पण साहेबांची मेमरी पडली जुनी आणि तोकडी. आत्या "अहो, गोळ्या घेत..." एवढं म्हणायची आणि तोंड उघडं असतानाच गोठायची. मी म्हटलं, आतोबा, फोनवरून बोला ना. तर म्हणाले, "फोनवर बायको एवढीशी दिसते. मला लग्नात अख्खी दिली होती." माझा लॅपटॉप देऊ केला, तर "परक्याच्या कॉम्प्युटरवर बायकोशी काय बोलायचं?" मुलगी तिकडून म्हणाली, बाबा, नवीन घ्या. त्यावर "कामावर असलेल्या माणसाला काढायची आमच्या डिपार्टमेंटला पद्धत नव्हती."

नात झाली. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली. आणि पुढच्या रविवारी बारसं ठरलं. तिकडची दुपार, आपली सकाळ. आतोबांचा फोन आला, "पोरी, नात पाळण्यात घालताना माझा पडदा गोठला तर मी काय करू?" आवाज असा होता की मी करंजाड्याच्या घरून स्कूटर काढली ती थेट नेरूळ. मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर बसते म्हणजे मला तो दुरुस्तही करता येतो, हा आमच्या घराण्याचा जुना गैरसमज आहे. मला फक्त तो बंद करून पुन्हा चालू करता येतो. पण एवढं कळत होतं, की साहेबांच्या पोटात मेमरीच्या पट्ट्यांसाठी दोन खाचा आहेत, एक भरलेली, एक रिकामी. रिकाम्या खाचेत आणखी एक पट्टी बसवली की आत्या गोठायची थांबेल.

स्टेशनमागच्या रिपेअरिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, असला माल आता नाय भेटत. बघतो, जुन्यात एखादी पडलेली असंल." त्यानं दिलेली पट्टी घरी आणून बसवायला गेलो, तर तिच्या बुडाची चीर खाचेतल्या खुणेशी जुळेना, पट्टी एका पिढीची आणि साहेब आधीच्या पिढीचे. "थोडी घासू या," म्हणत आतोबांनी कानस काढली. मी ओरडले, "खबरदार!" आणि पट्टी हिसकावून घेतली. पुन्हा बाजार, पुन्हा दुकानातल्या जुन्या मालाची उलथापालथ. दुसरी पट्टी जुळली. बसवली, बटण दाबलं, आणि साहेब किंचाळले : पीं, पीं, पीं! पडदा काळाठिक्कर. आतोबांचा चेहरा पडद्याच्या वरताण.

शनिवारचा दिवस आम्ही असा काढला. नवी पट्टी काढली, साहेब सुरळीत उठले. जुनी काढून तिच्या जागी नवी घातली, तरी उठले. म्हणजे पट्टी चांगली. मग दुसरी खाचच मेली का? रिपेअरिंगवाला फोनवर म्हणाला, "मदरबोर्ड गेला समजा. आता सोडा नाद." आतोबा सोडताहेत होय! त्यांनी पट्टीची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली, फुंकर मारली, टेबलफॅनला 'जरा थांब' म्हणाले आणि शेवटी स्क्रूड्रायव्हर डब्याला टेकवून कानाशी नेला. मीच त्यांचा हात खाली केला. "आतोबा, कान!" ते तसेच खुर्चीत बसून राहिले. बाहेर खाडीवरची रेघ मावळतीला लागली होती. "मला फक्त तेवढं बघायचं होतं गं," ते म्हणाले, "कुर्रर्र करतात ना, तेवढंच." उगीच काहीतरी करायचं म्हणून मी फोनचा टॉर्च लावला आणि त्या रिकाम्या खाचेत डोळा घातला.

तळाशी काहीतरी लाल होतं. चिमट्यानं उपसलं, तर तांदळाची कणी. कुंकवात माखलेली.

आतोबांनी ती तळहातावर घेतली. चष्मा वर केला, खाली केला. मग टॉर्च माझ्याकडून घेऊन त्यांनी डब्याच्या तळाशी मारला. तिथे धुळीत आणखी दाणे होते. काही पार पांढरे पडलेले, काही फिकट गुलाबी, काही अजून लालभडक. दसऱ्याला आतोबा पक्कड, पान्हे, स्क्रूड्रायव्हर सगळं मांडून पूजा करतात, पण इलेक्ट्रॉनिक्सला कुंकू चालत नाही, साहेबांच्या वाटेला जायचं नाही, असा त्यांनी घरात सक्त हुकूम काढलेला. आणि दरवर्षी ते झेंडूची फुलं आणायला खाली उतरले की ही आत्या, जिनं या कॉम्प्युटरला उभ्या जन्मात सवतीशिवाय हाक मारली नाही, ती त्याच्या उघड्या बाजूनं अक्षता टाकत होती. मला हसूही येईना नि रडूही.

"नियम मोडला हिनं," आतोबा म्हणाले. मग अगदी हळू, "एकदासुद्धा बोलली नाही." त्यांनी ब्रशनं खाच साफ केली, पट्टी दोन्ही अंगठ्यांनी दाबली, दोन्हीकडच्या खिट्ट्या टकटक बसल्या. साहेब न किंचाळता उठले आणि दोन्ही पट्ट्या मोजून दाखवल्या.

रविवारी सकाळी आतोबा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी घालून पडद्यासमोर बसले. पाळणा दिसला, फुगे दिसले, बाळाच्या आत्यानं कानात कुर्रर्र केलं, तिच्या पाठीत धपाधप धपाटे पडले, बाळानं भोकाड पसरलं, आणि यातलं काहीएक गोठलं नाही. आतोबांनी चष्मा तीनदा पुसला. मग तिकडची मंडळी घुगऱ्या वाटायला पांगली आणि आत्या एकटीच पदर सावरत पडद्यासमोर येऊन बसली. मला वाटलं, आता अक्षतांची झाडाझडती होणार. पण आतोबा नुसते बघत होते. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतके दिवस आत्या गोठायची तेव्हा यांनी कधी कॉल तोडून परत लावला नव्हता. उघड्या तोंडाची ती बायको पडद्यावर तशीच असायची आणि हे गुडघ्यांवर हात ठेवून समोर बसून असायचे. चारचौघांत बायकोकडे बघायचं नाही अशा घरातला हा माणूस, त्याला ती अशी निवांत बघायला कधी मिळाली होती?

आज मात्र ती हलत होती.

"असं काय बघताय टक लावून?" आत्यानं विचारलं.

"कुठे काय? मेमरी चालते का बघतोय."

आत्यानं कपाळावरची बट मागे सारली. उठली नाही. जरा पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "मग बघा नीट. मला घाई नाही."

मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले, आणि पाणी अगदी मंद आचेवर ठेवलं.