पैलवानाचा खुराक

माणसाचा स्वभाव, गावाचं नशीब आणि निवडणुकीचा निकाल हे सगळं शेवटी कोण काय खातं यावर ठरतं, असं मानणारे गृहस्थ अख्ख्या पनवेल तालुक्यात एकच, आणि ते नेमके विचुंब्यातले माझे घरमालक, शेठ. जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना एकदा सांगितलं, की कुत्र्याला खरा जोर चरबीतून मिळतो, मग मटण-मच्छीतून आणि भात-भाकरीतून थोडाफार. त्या दिवसापासून शेठ स्वतःच अर्धे डॉक्टर झाले. समोरच्या बंगल्यातला कुत्रा भुंकता भुंकता मध्येच बसला, की ते हळहळत, "बिचारा भातावर हाय." एका हळदीत दमून खुर्चीत कोसळलेल्या नवरदेवाचंही त्यांनी तिथल्या तिथे निदान केलं, "पोरगा मैद्यावर वाढलाय."

त्यांच्या कुत्र्याचं नाव पैलवान. त्याला सकाळी मटणाची चरबी, संध्याकाळी उकडलेली मांदेली. तिचे काटे शेठ स्वतः चष्मा लावून काढत. एवढा जोर पोटात घालून पैलवान दिवसभर जिन्याखाली झोपे आणि कावळा आला की माझ्या पायांमागे लपे. "जोर साठवतोय तो," शेठ म्हणत. आत भाकऱ्या थापणाऱ्या त्यांच्या पत्नी, काकी, विचारत, "तुमी जलमभर भाकरीच खाल्लीत, मग मिठागरात राबलात ते कुनाच्या जोरावर?" त्या वेळी शेठना नेमकं कमी ऐकू यायचं.

बिस्किटाला मात्र सक्त बंदी. खिळा ठोकल्याचा आवाज आला तरी धावत वर येणारा हा माणूस मला हात जोडून म्हणाला होता, "भाऊ, भिंतीला पायजे तेवढे खिळे ठोका, पन याला बिस्कूट देऊ नका." मी अर्थातच रोज सकाळी चोरून एक देत असे.

यंदा पैलवान थकला आणि त्याने खाणंच सोडलं. तीन दिवस चरबी तशीच, मांदेली तशीच. डॉक्टर म्हणाले, काहीही खाऊ दे, पण खाऊ दे. चौथ्या सकाळी शेठ माझ्या दारात उभे.

"भाऊ, तुमचा तो बिस्कूट हाय का?"

"कुठला?" मी साळसूदपणे विचारलं.

"रोज जिन्याखाली देता तो."

मी खालमानेने एक बिस्कीट आणून दिलं. शेठनी जिन्याखाली मांडी घातली, बिस्कीट पाण्यात भिजवून पैलवानाच्या तोंडाशी धरलं. त्याने अर्धं खाल्लं. उरलेलं शेठनी स्वतःच्या तोंडात टाकलं आणि डोळे पुसत म्हणाले, "यात काय जोर नाय. उद्याचा एक ठेवा."

पैलवान आणखी आठ दिवस राहिला, बिस्किटांवर. परवा मी भिंतीला खिळा ठोकला. बराच वेळ ठोकत होतो, मुद्दाम. शेठ वर आले नाहीत, आणि मला फार वाईट वाटलं.