राखून ठेवलेली औषधं

जग बुडायला आलं आहे, आकाश काळं पडलं आहे, राजवाडा जळतो आहे, आणि अशा वेळी विहिरीवरची एक बाई नायकाला अडवून सांगते की माझं मांजर हरवलंय, तेवढं शोधून आण. नायक मुकाट्याने जातो. त्याला मांजराची दया आलेली नसते. मांजर आणलं की बाई चांगले बूट देते, म्हणून तो जातो.

या खेळाला लोक थोर मानतात. मी काही जाणकार नाही. आयुष्यात शेवटपर्यंत पाहिलेला कन्सोलवरचा हा एकच खेळ. पण जो पाहिला त्याबद्दल बोलायला हरकत नसावी.

खेळ माझ्या मामेभावाचा. मामाचं गाव लामत्याकडे. आयटीआय करायला दादा बालाघाटला आमच्या घरी राहायला आला तेव्हा कपड्यांच्या पिशवीत गुंडाळून त्याने हा जुना कन्सोल आणला. आईने त्याला लगेच नाव दिलं, डबा. खेळातलं सगळं बोलणं इंग्रजीत, तेही पडद्यावर अक्षरांत. घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे मला इंग्रजी येणारच, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. कंट्रोलर दादाच्या हातात आणि वाचायचं काम माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली.

"प्रोफेसर, काय म्हणून राह्यला हा बुढ्ढा?"

"म्हणतो, अंधार येऊन राह्यला."

"एवढा वेळ बोलला अन् एवढंच?"

"एवढंच."

खरंच तेवढंच असायचं. मी अडखळत वाचायचो, डिक्शनरी बघायचो, आणि प्रत्येक वेळी अंधारच निघायचा. राजा, पुजारी, खानावळीचा मालक, सगळे तेच बोलायचे. एकाला दहा वेळा हाक मारली तर तो दहाही वेळा तेच वाक्य म्हणतो. नायक कोणाच्याही घरात बूट घालून शिरतो, मडकी फोडतो, पेटी उघडून आतलं घेऊन जातो, आणि घरधनी शेजारी उभा राहून अंधाराबद्दल बोलतो. गावाबाहेर पिवळंधमक शेत आहे. खेळ सुरू झाल्यापासून ते पिकलेलंच आहे आणि कोणाच्याही हातात विळा नाही. कापणीच्या दिवसांत आमच्याकडे माणसं मिळत नाहीत म्हणून मामा दारोदार फिरतो. तिथे सगळं गाव कंबरेवर हात ठेवून उभं.

आई तांदूळ निवडत मागे बसलेली असायची. टीव्ही आम्ही अडवलेला, त्यामुळे तिची मालिका बुडायची आणि तिचा सगळा राग पडद्यावर निघायचा. नायकाच्या टोळीत एक तलवारवाली होती. बर्फाच्या डोंगरावरही तिच्या अंगावर कपडे म्हणावेत असे दोन तुकडे.

"हिले थंडी नाई वाजत का रे?"

"आत्या, ते चिलखत हाय."

"पोट तं उघडंच हाय. बाण कुठी लागते, चिलखताले पाहून?"

दादा हसला आणि तिला तशीच बर्फातून पुढे नेली.

दोन गोष्टी मात्र मी मान्य करतो. लढाईत इथे प्रत्येकाची पाळी येते, आणि आपली पाळी आली की सगळे थांबतात. राक्षससुद्धा थांबतो. कितीही वेळ विचार करा, कोणी घाई करत नाही. वर्गात उत्तर यायला मला वेळ लागतो. तोवर सर दुसऱ्याकडे वळलेले असतात. त्यामुळे हे थांबणं मला फार सभ्य वाटलं. दुसरी गोष्ट म्हणजे मुक्काम. टोळी रानात शेकोटी पेटवते, कोणी काही शिजवतं, आणि बाजाची पेटी वाजवल्यासारखी एक संथ धून लागते. बटण दाबलं की ते पुढे जातं. दादा तिथे कधीच बटण दाबत नसे. मीही वाचायचं थांबवायचो.

मग त्याला पुण्याकडच्या एका कंपनीत काम लागलं. सोमवारी निघायचं ठरलं. तिथे एका खोलीत चार-पाच पोरं, टीव्ही नाही, म्हणून डबा आमच्याकडेच ठेवायचा. खेळ मात्र शेवटच्या दरवाज्यापाशी येऊन अडकलेला. दरवाज्यामागे तो अंधाराचा राजा. तिथे आम्ही रोज मरत होतो.

"जाऊ दे नं दादा," मी म्हटलं. "मी संपवीन अन् तुले फोनवर सांगीन."

"बारावी अर्धी सोडली मी," तो पडद्याकडे बघतच म्हणाला. "हे नाई सोडत."

मग मी पुन्हा जाऊन बसलो.

रविवारी दुपारी पुन्हा तेच. राजाने आग ओकली, तलवारवाली पडली, टोळीतला वैद्य पडला, नायकाचा जीव नखाएवढा उरला. दादाने नायकाची पिशवी उघडली, आत बघितलं आणि बंद केली.

तांदळातला हात थांबवून आईने विचारलं, "त्या झोऱ्यात काय भरून हाय एवढं?"

"औषधं हायत, आत्या. सोनेरीवालं तं मेलेल्याले उठवते."

"मंग हा मरून राह्यला तं देत काहून नाई?"

"ते राखून ठेवलं. आखरीले लागन."

"अखीन आखरी कोणती राह्यली? जाऊन तं राह्यला तू उद्या."

ती औषधं राखायला मीच त्याला सांगत आलो होतो. पण आईने आमच्यावर हसावं हेही थोडं जास्तच होतं. आमच्या दिवाणात एक लाल ब्लँकेट आहे, चेनच्या प्लास्टिक पिशवीत, दुकानातून आलं तसं. ते पाहुण्यांसाठी. पाहुणे आले तरी ते निघत नाही, कारण याहून मोठे पाहुणे येऊ शकतात. घरात नवं ताट वापरात यायला आधी जुनं फुटावं लागतं. अशा घरातली पोरं अमृत हातात घेऊन मरणारच.

दादाने पिशवी उघडली. या वेळी त्याने सगळं काढलं, सोनेरी, निळं, हिरवं, जे होतं ते. प्रत्येक पाळीला एक बाटली. राजा पडला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि आईने तांदूळ कधीच उचलून ठेवले होते. दादाने कंट्रोलर खाली ठेवून तळवे पँटला पुसले. पडद्यावर नावं सरकत राहिली.

आणि मग या थोर खेळाने काय करावं? नावं संपली, बटण दाबलं, तर टोळी पुन्हा त्याच दरवाज्यासमोर उभी. राजा आत जिवंत, आकाश काळं, पिशवी भरलेली. बाहेर जाऊन त्या पुजाऱ्याला विचारलं तर म्हणे अंधार येऊन राह्यला. एवढ्या महिन्यांची मेहनत, आणि गावाला पत्ताच नाही.

"हे काय बे?" दादा म्हणाला.

"असंच असते म्हणतात," मी म्हटलं. मला लाज वाटली, जणू हा खेळ मीच बनवला होता.

सोमवारी सकाळी दादा निघताना आईने दिवाण उघडला आणि ते लाल ब्लँकेट त्याच्या सामानावर ठेवलं. "घे. तिकडं थंडी असते." बाबांनी त्याकडे एकदा बघितलं आणि ते दोरीने बांधून दिलं.

डबा मी नंतर एकदाच सुरू केला. सगळे तिथेच उभे होते. बंद केला.

आठवड्याने दादाचा व्हिडिओ कॉल आला. नवा निळा युनिफॉर्म, मागे लोखंडी मांडणी. काम बरं आहे, जेवण फिकं आहे, पोरं चांगली आहेत, असं सगळं सांगून झालं. आईने फोन माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि त्याच्या मागे बघितलं. वरच्या फळीवर ब्लँकेट होतं. चेनच्या पिशवीत.

"बाबू, ते काढलं काहून नाई?"

"अजून तेवढी थंडी नाई पडली, आत्या. जानेवारीत लागन."

"काढ."

"आत्या..."

"आत्ता काढ. माह्या समोर."

तो उठला. फोन त्याने कुठेतरी उताणा ठेवला. आम्हाला फक्त छत आणि पंखा दिसत होता. आई फोन तसाच धरून बसली. मग चेन ओढल्याचा आवाज आला.