चेहरे पाच, आवाज सहा

माझ्या आत्याला गाता येत नाही. एकेकाळी यायचं, आणि असं यायचं की शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी बाहेर रेंगाळणारी मुलंही आपसूक रांगेत येऊन उभी राहायची. बावीस वर्षं तिने शाळेत गाणं शिकवलं. मग गळ्यात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. उरली नुसती खरखर. शाळेने तिला ग्रंथालयात बसवलं आणि मुलांनी तिचं नाव ठेवलं ‘काचपेपर बाई’. तिच्या कानावर ते आलं तेव्हा ती म्हणाली, “नाव चपखल आहे. कोणी ठेवलं ते कळलं तर त्याला एक पुस्तक बक्षीस देईन.”

पुढे तिने घरीच शिकवणी सुरू केली. जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड, समोर दोन खुर्च्या. गाऊन दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून ती फक्त ऐकायची आणि बोट वर-खाली करून सांगायची. पण तो कान! एकदा माझ्याकडे चहा पिता पिता म्हणाली, “तुझा फ्रिज सूर सोडतोय गं.” मी हसले. चौथ्या दिवशी फ्रिज बंद पडला.

ती साठीला टेकली होती तेव्हाची ही गोष्ट. तिचा एक जुना विद्यार्थी संगीत संयोजक झाला होता. तो एका दुपारी आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागला.

“बाई, कंपनीने पाच मुलं निवडलीत. बँड करायचाय. दिसायला देखणी, नाचायला नुसता पारा. पहिला अल्बम, दहा गाणी. पण एकत्र गायला लागली की पाच जण पाच दिशांना पळतात.”

“मग सूर सरळ करणारं मशीन आहे ना तुमच्याकडे?”

“मशीनने सूर सरळ होतो, बाई. पाच जण एक होत नाहीत.”

हे उत्तर आत्याला आवडलं. पॉप गाणी तिने जन्मात कधी नीट ऐकली नव्हती. दहाही गाण्यांच्या चाली घेऊन ती तीन दिवस खोलीत बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, “शब्द पोरकट आहेत, पण चाली लबाड आहेत. ऐकायला सोप्या, गायला बसलं की घाम काढतील.” तिने होकार कळवला.

मी तेव्हा एक नोकरी सोडून दुसरी धरायच्या मधे मोकळी होते आणि आत्याला गाडी चालवता येत नाही. तिची ने-आण माझ्याकडे आली, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

तालमीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक अख्खी भिंत आरशांची, जमिनीवर कोणी कुठे उभं राहायचं त्याच्या रंगीत चिकटपट्ट्या. आत्याने पहिल्याच दिवशी घरून आणलेल्या चादरी आरशांवर टाकल्या. मग पाच स्टुलं गोलात मांडून मुलांना पाठीला पाठ लावून बसवलं.

“आज गायचं नाही. नुसता श्वास घ्यायचा. शेजारचा कधी घेतो ते तुमच्या पाठीला कळलं पाहिजे.”

पाचांतल्या सगळ्यात उंच मुलाला, लांबूला, हसू फुटलं. तास संपता संपता तिने एक ओळ गाऊन घेतली, तेव्हा तोच बेसूर निघाला. “तुझा सूर लागेपर्यंत तू नुसते ओठ हलव,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. पोरगं कानापर्यंत लाल झालं.

परतताना मी तिला म्हटलं, “आत्या, आज जरा जास्तच बोललीस.”

“हो,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

माफी मागणं तिच्या स्वभावात नाही. हा तिचा दोष, आणि तो आमच्या घरात सगळ्यांनी भोगलाय. पण दुसऱ्या दिवसापासून तिने लांबूला सगळ्यांच्या आधी अर्धा तास एकट्याला बोलावलं, आणि दोन आठवड्यांनी पहिल्या गाण्याची पहिली ओळ त्याच्याच गळ्यात दिली. आता पाची जण डोळे मिटून एका क्षणी श्वास घ्यायचे. पहिल्यांदा ते एकत्र गायले तेव्हा कोपऱ्यात वायरींची भेंडोळी सोडवणारा तंत्रज्ञ हातातलं काम थांबवून बघत राहिला.

या सगळ्यांत धाकटा पंधरा वर्षांचा. आवाज उंच, पातळ, लख्ख. दहा गाण्यांच्या वरच्या ओळी एकट्या त्याच्यावर बेतलेल्या. स्टुडिओत काचेपलीकडे तो हेडफोन लावून उभा राहिला की संयोजक इकडे खुर्ची मागे रेलून निवांत व्हायचा. सहा गाणी झाली. सातव्याच्या ऐन चढावर त्याचा आवाज मधोमध चिरफाळला.

तो हसला. “पुन्हा घेऊ.”

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. संयोजक म्हणाला, “थोडं पाणी पी, मग जोर लाव.”

आत्याने बोलायच्या माइकचं बटण स्वतः दाबलं. “जोर लावू नकोस. बाहेर ये.”

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “किती दिवस झाले?”

“कशाला?”

“मला कान आहेत रे. आठवडाभर तू हनुवटी वर करून गातोयस. मानेच्या शिरा दिसतात.”

मुलाचे डोळे भरून आले. “नऊ दिवस. कुणाला सांगू नका ना, बाई. मला काढतील.”

त्याचा आवाज फुटत होता. मोठं होताना प्रत्येक मुलाचा फुटतो, तसाच. पण याने तो दडवायला गळा ओढून ओढून सुजवला होता. आत्या त्याला आणि त्याच्या आईला घेऊन घशाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी दोन आठवडे पूर्ण मौन सांगितलं.

कंपनीच्या व्यवस्थापक बाई वाईट नव्हत्या, पण तारीख ठरली होती, पोस्टरं छापली होती. त्या म्हणाल्या, “उरलेल्या चार गाण्यांत दुसऱ्या कुणाचा तरी आवाज घेऊ. फोटोत हाच राहील. कुणाला कळणारही नाही.”

“त्याला कळेल ना,” आत्या म्हणाली.

“बाई, मग दुसरा उपाय सांगा.”

“दोन आठवडे द्या. तोवर बाकीच्या चौघांकडून कोरस करून घेते. त्यानंतर जमलं नाही तर तुमच्या मनासारखं करा.”

आणि मग तिने जे केलं ते तिच्यासारखीच करू जाणे. त्याच दिवसापासून तीही बोलायची थांबली. मी विचारलं, तर वहीत लिहिलं : “एकट्याने गप्प बसायला फार भीती वाटते. मला माहीत आहे.” शस्त्रक्रियेनंतरच्या दीड महिन्याच्या मौनाबद्दल ती घरात कधी एक अक्षर बोलली नव्हती.

रोज दुपारी धाकटा यायचा. दोघं टेबलाशी समोरासमोर बसून वहीत लिहून बोलायची, कीबोर्डवर सूर दाबून ऐकायची, एकमेकांच्या चुका खोडायची. चौघांचा कोरसही तिने हातवारे करून आणि फळ्यावर लिहून बसवला. आतोबा मला फोनवर म्हणाले, “लग्नानंतर घरात इतकी शांतता पहिल्यांदाच आहे. पण खरं सांगू? करमत नाही.”

पंधराव्या दिवशी तिने वहीत लिहून धाकट्याला हलकेच ‘आ’ लावायला सांगितलं. आवाज आला तो घोगरा, खालचा, अनोळखी. मुलगा स्वतःच दचकला. आत्याने कीबोर्डवर एकेक सूर दाबून बघितला. भक्कम असे सहाच सूर सापडले.

“सहा पुरेत,” ती म्हणाली. दोन आठवड्यांनंतरचा तिचा हा पहिला शब्द, आणि तोही फाटकाच निघाला. दोघं पोट धरून हसली.

संयोजकाबरोबर बसून तिने चारही गाण्यांची पट्टी खाली आणली. वरच्या ओळी पाचांतल्या चष्मेवाल्या मुलाकडे गेल्या. त्याच्याकडे एक हलका, वरचा आवाज होता आणि तो तिने तालमीत गुणगुणताना हेरून ठेवला होता. धाकट्यासाठी त्या सहा सुरांत बसतील अशा ओळी तिने नव्याने बांधल्या. आणि शेवटच्या गाण्यातून तिने ढोल-ताशा सगळं काढायला लावलं. वाद्यं नाहीत, नुसते पाच गळे.

व्यवस्थापक बाई म्हणाल्या, “पॉपच्या अल्बममध्ये ठेका नाही?”

“एकदा ऐका. नाही आवडलं तर ठेका घाला, मी तोंड उघडणार नाही. सवय झालीय आता.”

ते गाणं एका सकाळी रेकॉर्ड झालं. काचेपलीकडे पाच जण एकाच माइकभोवती जवळ उभे, लांबूचा हात धाकट्याच्या पाठीवर. दुसऱ्याच प्रयत्नात झालं. व्यवस्थापक बाईंनी ते डोळे मिटून ऐकलं आणि ठेक्याचा विषय पुन्हा काढला नाही.

अल्बम ठरल्या तारखेला आला. धो धो चालला असं नाही, पण चांगला चालला. दुकानांत, बसमध्ये, न्हाव्याकडे त्यातली तीन-चार गाणी ऐकू यायची. आणि कंपनीकडे पत्रं यायला लागली. मुली विचारत होत्या, “मुखपृष्ठावर पाचच जण आहेत, मग सातव्या गाण्यापासून तो खालच्या आवाजात गाणारा सहावा कोण? त्याचा फोटो का नाही?” धाकट्याने ती पत्रं आत्याला आणून दाखवली. एका मुलीने तर स्वच्छ लिहिलं होतं की तिला पाचही नकोत, तो सहावाच आवडतो. पोरगा लाजून लाजून बेजार.

बँड चार वर्षं टिकला, मग प्रत्येकाने आपापली वाट धरली. पाचांतला थोरला दुकान चालवतो, धाकटा अजून गातो. आता त्याचा आवाज भारदस्त आहे.

आत्याचं मात्र वेगळंच झालं. त्या अल्बमची हकीकत कर्णोपकर्णी पसरली आणि शाळांतले संगीत शिक्षक तिला फोन करू लागले. आवाज फुटायला लागला की मुलाला गाण्याच्या गटातून काढायचं, ही सगळीकडची रीत. अशी बरीच मुलं पुन्हा कधी गातच नाहीत. आत्याने खास त्यांच्यासाठीच वर्ग काढला. ज्या शाळेने तिला पुस्तकांच्या कपाटांत बसवलं होतं, त्याच शाळेने त्यासाठी शनिवारी एक खोली दिली.

पहिल्या शनिवारी मी तिला सोडायला गेले होते. बारा मुलं आली होती. बाकांवर अवघडून बसलेली, ओठांवर कोवळी लव, तोंड उघडायची कुणाची तयारी नाही. आत्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं.

“आधी माझा आवाज ऐकून घ्या,” ती म्हणाली आणि तिने ‘सा’ लावला. एखादं जुनं दार करकरावं तसा. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावरचा एक खुदकन हसला.

“हसलास ना? ये, पुढे ये,” आत्या म्हणाली. “आता तुझा लाव.”