बुडबुडा दिसला की हरला

आमच्या निफाडकडे विहिरीवर पैज लागायची ती दमाची. तळाशी बुडी मारायची आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचं. काठावरची मंडळी पाण्यावर डोळे लावून बसायची, कारण बुडबुडा दिसला की गडी हरला. या खेळात मला तोड नव्हती. त्याचा ताठाही होता, कशाला खोटं बोलू.

त्याच जोरावर ऐंशी सालाच्या आसपास मी नाशिकजवळच्या एका धरणावर पाणबुड्या म्हणून हंगामी लागलो. दरवाज्यांच्या खाचेत अडकलेले ओंडके काढायचं काम. शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले एक मालवणी गृहस्थ होते. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "तीन बुड्यांत जमलं तर ठेवतो. नाहीतर तुझी घरची द्राक्षबाग बरी."

पौषातली सकाळ होती. पाठीवर हवेचं सिलेंडर, तोंडात नळी, अंगात दोन ठिकाणी फाटलेला रबरी सूट. त्या फटींतून पाणी शिरलं आणि माझा श्वासच अडकला. नळीतून हवा येत होती, पण ती घ्यायचं भान कुणाला? अर्ध्या मिनिटात वर आलो. दातखीळ बसली होती आणि नावेतले लोक खो खो हसत होते.

"विहिरीतला बेडूक धरणात आला की असंच होतं," उस्ताद म्हणाले. माझं टाळकं सरकलं.

दुसऱ्या दिवशी त्या रागातच तीस फूट खाली गेलो. ओंडका कुठे अडकलाय ते चाचपून पाहिलं. मोठ्या ऐटीत वर निघालो आणि जुन्या सवयीनं दम धरला, नळीवर ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात मागून येणाऱ्या उस्तादांनी माझा पाय खेचला आणि पोटात गुद्दा घातला. सगळी हवा भसकन बाहेर.

नावेत चढल्या चढल्या मी भडकलो. "मारता कशाला? माझा दम तुमच्यापेक्षा जास्त आहे."

ते शांतपणे म्हणाले, "विहिरीत तू वरची हवा खाली नेतोस, म्हणून वाचतोस. इथे हवा खाली घेतोस. ती वर येताना फुगते. तोंड मिटलंस तर छाती फाटते रे."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे तर खोडीपायीच मरायची वेळ. तिसऱ्या बुडीआधी मी उस्तादांना सरळ सांगितलं, की मला भीती वाटते, ओठ आपोआप मिटतील.

त्यांनी थोडा विचार केला. "माझा राग येतो ना? मग वर येताना मला शिव्या घाल. शिव्या देणाऱ्याला दम धरता येत नाही."

खाली जाऊन ओंडक्याला दोर बांधला. वर निघालो तशी छाती आवळू लागली, ओठ मिटू लागले. मग मी सुरुवात केली. तोंडात नळी असताना 'भ' कुठला निघतोय, नुसता घुर्रघुर्र आवाज. तरी तालुक्यातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या शिव्या मी त्या माणसाला घातल्या. ते शेजारून माझ्याबरोबर हळूहळू वर येत होते आणि प्रत्येक शिवीला मान डोलवत होते. असं करत करत ऊन लागलं.

नावेत त्यांनी माझ्या तोंडातली नळी काढली, आपला कोरडा स्वेटर मला चढवला आणि म्हणाले, "शेवटची नीट ऐकू आली नाही. परत सांग."

मी तोंड उघडलं, पण शिवी येईना. मी त्यांचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडलो. त्यांनी मला रडू दिलं. म्हणाले, "रड, रड. रडतानाही श्वास सुटतो."