खळ्यावरचा ठिपका

आमच्या घरात बायकांना रानातलं कुठलंच काम चुकत नसे. खुरपणी, सोंगणी, कडब्याच्या पेंढ्या बांधणं, गुरांचं शेणपाणी, सगळं त्यांच्याच अंगावर. मनाई होती ती एकाच जागी, खळ्यावर, आणि तीही महिन्यातल्या त्या दिवसांपुरती. ज्वारीची मळणी चालू असली की खळ्यात चप्पल चालत नसे, आरडाओरडा चालत नसे, आणि बाजूला बसलेली बाई तर त्या वाटेलाही जात नसे. तिची सावली पडली की रास घटते, असं आजी सांगायची. वर्षभर बायांनी वाकून पिकवलेली ज्वारी बायांच्याच सावलीने कशी घटते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आता याचा मला संताप येतो. तेव्हा नुसती लाज वाटायची.

ही बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. आमचं गाव राहात्यापासून चालत जाण्याएवढं लांब. मी सातवीत होते आणि पुढे राहात्याच्या शाळेत जायची स्वप्नं बघत होते. आजीने मात्र आधीच बजावून ठेवलं होतं, "न्हातीधुती झाली की शाळा बंद." म्हणून मी रोज देवाला हात जोडून म्हणायचे, अजून नको, एवढी परीक्षा होऊ दे.

आई बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरात बायामाणसांत मी, आजी आणि काकी. काकीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. आजीने काकांसाठी श्रीगोंद्याकडची एक मुलगी हेरून ठेवली होती आणि ते काकीच्या तोंडावर बोलूनही दाखवायची. पण त्या हंगामात काकी दोन महिने बाजूला बसली नव्हती. घरात उघड कुणी बोलत नव्हतं, तरी आजी तिच्या ताटात तूप वाढायला लागली होती आणि श्रीगोंद्याचं नाव निघेनासं झालं होतं. काकीही पदराआड हसायची. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवशी खळ्यावर पात चालू होती. मधल्या तिवड्याच्या खांबाला बांधलेले बैल कणसांवरून गोल फिरत होते आणि त्यांच्यामागे मी, हातात चाबूक घेऊन, स्वतःला मोठी शहाणी समजत. काकी बाहेर पडलेली कणसं हातणीने आत लोटत होती. आबा म्हणजे माझे आजोबा, काका आणि गडी पलीकडे कडबा रचत होते. सकाळपासून माझं पोट दुखत होतं, पण शिळी भाकरी बाधली असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग पायावरून काहीतरी ओघळलं.

काय झालं ते मला लगेच कळलं. बैल थांबवावेत तर का थांबवले हे सांगावं लागणार, आणि ते सांगणार कसं? मी तशीच फिरत राहिले. काकीने माझ्या परकराकडे बघितलं, हातातली हातणी टाकली आणि येऊन माझ्या मागोमाग चालायला लागली. एवढ्यात खळ्याच्या कडेला उभी असलेली आजी कणसांकडे बघत ओरडली, "थांबवा ती बैलं! ह्यो लाल ठिपका कुनाचा?"

सगळे हातातलं काम टाकून बघायला लागले. मला वाटलं, धरणीने आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं.

"माझा हाय, आत्याबाई," काकी म्हणाली. "आत्ताच झालं. मला कळलंच न्हाई."

आजीचा चेहरा काळाठिक्कर पडला. तिला राशीचं काही नव्हतं, ते मलाही दिसत होतं. "म्हंजी तसलं काय न्हाईच व्हय?" ती हळूच म्हणाली, आणि मग कुणालाच न उद्देशून, "श्रीगोंद्याला निरोप धाडावा लागंल."

काका खाली मान घालून पेंढी बांधायला लागले. काकी माझ्या पाठीशी तशीच उभी होती. मला राहवलं नाही.

"काकी न्हाई," मी म्हणाले. "मी हाय. माझं हाय ते."

आजोबा, काका, गडी अशा बाप्यांसमोर मी हे बोलले. आबांनी तोंड फिरवलं. एक गडी खाकरला. माझे कान तापले, आणि त्या वाक्याची लाज आजही, नातवंडं झाल्यावरही, माझ्या अंगावरून गेलेली नाही. आजी मात्र उजळली. मला दंडाला धरून घराकडे नेताना ती काकीला म्हणाली, "उन्हात उभी ऱ्हाऊ नगंस, सावलीला बस जरा." मागे खळ्यावर गोमूत्र शिंपडलं गेलं आणि बैल पुन्हा फिरायला लागले.

मला गोठ्याशेजारच्या, बाजूला बसणाऱ्या बायांच्या खोपटात बसवलं. शाळा गेली हे मला माहीत होतं आणि रडूही येत होतं, पण काकी वाचली, एवढं समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोपटाचं दार लोटून काकी आत आली. भाकरी द्यायला आली असेल असं वाटलं, पण तिच्या काखेत गोधडी होती. ती पलीकडच्या भिंतीला गोधडी टाकून बसली.

"काल मी माझं म्हनलं हुतं ना," ती म्हणाली. "एका दिसाचाच तर फरक हुता, पोरी. गप ऱ्हायची हुतीस. निदान तुझी शाळा तरी ऱ्हायली असती."

बाहेर आजी कुणाला तरी निरोप सांगत होती.

त्या उन्हाळ्यात आमच्या दारात दोनदा मांडव पडला, आधी काकांसाठी आणि मग माझ्यासाठी. दोन्ही वेळची हळद काकीनेच दळली.