हलक्या लागरचा वास

शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, मी बहुतेक सगळं सांगत आलो. हे नाही सांगितलं. मुलालाही नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हा सांगायचं ठरवलं होतं — पण तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटून बाहेर आलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ऐकताना तुमचा चेहरा कसा होतो ते मला बघावं लागत नाही, म्हणूनही असेल.

आधी माझ्या नाकाविषयी सांगायला हवं.

मी बारामतीजवळच्या एका डेअरीत नोकरीला होतो. गावोगावचं दूध कॅनमधून यायचं. झाकण उघडायचं, नाक पुढं करायचं आणि सांगायचं — घ्या, नाहीतर परत पाठवा. एवढंच काम. दूध फिरायला लागलं असेल तर ते मला मशीनच्या आधी कळायचं. म्हशीनं लसूणघास खाल्लाय की कांद्याची पात, तेही कळायचं. पंचक्रोशीत लोक मला ‘नाकवाले तात्या’ म्हणत. मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

रिटायर झाल्यावर दिलीपराव घरी आले. भिगवण रस्त्याला त्यांनी हॉटेल काढलं होतं आणि मागच्या शेडमध्ये बिअर बनवायच्या टाक्या बसवल्या होत्या. पुण्यात असतात तसलं ठिकाण, जिथं बिअर तिथंच बनते आणि तिथंच विकली जाते. त्यांना चव बघून पास-नापास सांगणारा माणूस हवा होता. मी म्हटलं, मी कधी ग्लासाला हात लावला नाही. ते म्हणाले, प्यायची न्हाय, नुसती हुंगायची आणि जिभेवर फिरवून थुंकायची. नाक तेच, भांडं दुसरं. शालननं आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. पण मी गेलो.

बिअर बनवणारा पोरगा नितीन. सणसरचा, ऊसवाल्यांच्या घरातला, मायक्रोबायोलॉजी शिकलेला. पुण्यातली चांगली नोकरी सोडून तो या टाक्यांसाठी गावाकडं आला होता. पोरगं दारू गाळतंय म्हणून वडील त्याच्याशी नीट बोलत नव्हते. त्यानंच मला सगळं शिकवलं. त्याचा जीव होता हलक्या लागर बिअरवर. फिकट, गव्हाच्या काडीच्या रंगाची, उन्हाळ्यात लोक पाण्यासारखी पितात ती. तो म्हणायचा, काळ्या, घट्ट बिअरमध्ये चुका झाकून जातात. हिच्यात काहीच झाकत नाही. यीस्ट काम करत असताना मध्येच लागरला लोण्याचा वास येतो. टाकीत आणखी ठेवली की यीस्टच तो वास खाऊन टाकतं. घाई केली तर राहतो. ती वेळ ओळखायची, हे माझं खरं काम. आणि लोण्याचा वास मला कळणार नाही, असं कुणी म्हटलं असतं का?

पहिली दोन वर्षं फार सुखाची गेली. मग करोना. मला ताप आला, उतरला, आणि वास गेला. सगळ्यांचाच जात होता. शालनचा तीन आठवड्यांत परत आला. तिनं मला विचारलं, तुमचा? मी म्हटलं, आला की.

आला नव्हता. अजून आलेला नाही.

तेव्हाच खरं का बोललो नाही? घाबरलो. नाक नसलेला तात्या म्हणजे कोण? एक म्हातारा, पेपर वाचणारा. हॉटेल पुन्हा सुरू झालं, दिलीपरावांचा फोन आला, आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

कसं निभावलं? जिभेला कडू, गोड, आंबट कळत होतं. फेस, गारवा कळत होता. बाकी सगळं मी नितीनच्या तोंडाकडं बघून ओळखायचो. ग्लास नाकाशी धरून डोळे मिटायचे, थोडं थांबायचं आणि म्हणायचं — तू सांग आधी, तुला काय वाटतं? तो बोलला की मान हलवायची. तिथली माणसं म्हणायची, तात्या पोराला तयार करतायत. नितीनलाही तसंच वाटायचं. पण त्यानं बोलायला जरा वेळ लावला की मला वाटायचं: आज पकडणार. आजच.

एकदा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसून चहाची वाट बघत होतो. शालन चहा ठेवून शेजारी गेली होती. चहा उतू जाऊन गॅस विझला होता आणि शेगडी तशीच चालू होती. मी तिथंच, हाताच्या अंतरावर, पेपर वाचत. पलीकडच्या खोलीत नात झोपलेली. शालन दारातूनच धावत आली, खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, “तुमाला वास आला न्हाय?”

मी म्हटलं, डुलकी लागली होती.

तिनं नातीला उचलून ओसरीवर नेलं.  आणि तरीही मी बोललो नाही. एवढ्यावरूनच तुम्हाला माझी जात कळायला हवी.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं सुरू केलं.

पुण्यात तीन-चार हॉटेलं असलेला एक गृहस्थ दिलीपरावांची लागर चाखायला येणार होता. आवडली तर दिलीपरावांबरोबर पुण्यातही तशाच टाक्या टाकायच्या, आणि त्या सगळ्या नितीनच्या हाताखाली. नितीननं घरी वडिलांना हे सांगितलं होतं. बऱ्याच दिवसांनी वडील त्याच्याशी जेवताना बोलले, असं त्यानं मला हसत सांगितलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात एक गोष्ट घडली होती. एका टाकीबद्दल नितीन आधी काहीच बोलला नाही आणि मी सावध राहायचं म्हणून म्हणालो, थोडा वास आहे अजून. तो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, तात्या, हिचा लोण्याचा वास तर कालच गेला. मी हसून वेळ मारून नेली. पण ती नजर माझ्या डोक्यातून जाईना. याला कळलंय. हा आता मला तपासणार.

म्हणून पाहुण्यांसाठीच्या टाकीतला ग्लास त्यानं माझ्या हातात दिला, तेव्हा मी सावध होतो. शेडमध्ये आम्ही दोघंच. तो म्हणाला, “मला अजून लोण्याचा वास वाटतोय, तात्या. दोन दिवस ठिवू का? पाव्हण्यास्नी दुसऱ्या टाकीतली देता येईल.”

हो म्हणायचं होतं नुसतं. रोज तेच तर करत होतो. पण मला वाटलं, हा सापळा आहे. मी त्याच्या मागं मागं मान हलवतो का, ते हा बघतोय. मी ग्लास नाकाशी धरला. काहीच नाही. काचेचा गारवा, बस. आणि मी म्हणालो —

“सर्दी झालीय तुला. साफ हाय. काढ.”

त्यानं स्वतःचा ग्लास परत हुंगला. मग माझ्याकडं बघून कसनुसा हसला. “तुमी म्हणताय म्हंजी हाय.” आणि त्यानं पाहुण्यांसाठी तीच टाकी नळाला लावली.

तो सापळा नव्हता. त्याला माझा कधी संशयच आला नव्हता, हे मला आता पक्कं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. ग्लास उचलला, नाकाशी नेला, आणि न पिताच खाली ठेवला. फार सभ्य माणूस. एवढंच म्हणाले, लोणी येतंय हो. दिलीपरावांनी स्वतः हुंगून बघितलं. त्यांनाही आला वास. वेटरलाही आला असता — कुणालाही आला असता. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि पुण्याला लवकर पोचायचंय म्हणाले.

गाडी गेल्यावर दिलीपराव माझ्याकडं वळले. ओरडले नाहीत. विचारलं, तात्या, तुमी बघितली हुती ना?

त्या वेळी माझ्या मनात काय होतं, ते मी पुष्कळदा आठवून बघितलंय. नितीन नव्हता. त्याचे वडील नव्हते. डेअरीतले कॅन होते. गावोगावची माणसं होती, आणि ती हसत होती.

मी म्हणालो, “मी थांबायला सांगितलं हुतं. यानं ऐकलं न्हाय.”

नितीन माझ्या शेजारीच उभा होता. तो चिडेल, खोटं बोलतोय म्हणेल, असं मला वाटलं. पुढचं खोटंही मी तयार ठेवलं होतं, हेही सांगून टाकतो. पण त्यानं माझ्याकडं बघितलं — रागानं नाही. शाळेत फळ्यावरचं गणित समजत नसलेलं पोर बघतं, तसं. मग तो दिलीपरावांना म्हणाला, “असंल. तात्या म्हणतात तर असंल. माझ्याच ऐकण्यात चूक झाली.”

त्याला खरंच तसं वाटत होतं. यापेक्षा त्यानं माझी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं, असं म्हणायचा मोह होतो. पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. खरं ते एवढंच.

त्या संध्याकाळी दिलीपरावांनी त्याला कामावरून काढलं. जाताना तो माझ्या पाया पडला.

मी आणखी काही महिने जात राहिलो. लगेच सोडलं असतं तर कुणाला शंका आली असती. मग पित्ताचं निमित्त सांगून बंद केलं. दिलीपरावांनी शाल-नारळ दिलं.

यंदा उन्हाळ्यात मेहुण्याकडं निमगाव केतकीला गेलो होतो. बाजाराचा दिवस. भाजी घेऊन परत निघालो, तर मागून हाक आली, तात्या. नितीन. अंगानं भरलाय, उन्हानं काळवंडलाय. टेम्पोशेजारी खरबुजांच्या प्लॅस्टिक जाळ्यांची थप्पी लावलेली. मला पळून जावंसं वाटलं. गुडघे दुखतात, पळणार कुठं?

त्यानं सावलीत बसवलं, पाणी दिलं. लग्न झालं म्हणाला. वडिलांच्या रानातच खरबूज आणि ढोबळी मिरची करतो. बिअरचा विषय मी काढणार नव्हतो, त्यानंच काढला. म्हणाला, त्या दिवसानंतर परत कुठं नोकरी बघितली न्हाय. “तुमी थांब म्हणाला हुता, आन् मला मात्र ती साफ वाटली. माझं नाकच खोटं हाय हो, तात्या. तवाच कळलं, बरं झालं. पुढं जाऊन मोठा घोळ झाला असता.” आता घरात दूध नासलंय का तेसुद्धा बायकोला विचारतो, हे त्यानं हसत सांगितलं. मीही हसलो. होय, हसलो.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस आला. माल लांबच्या बाजाराला जायचा की इथंच विकायचा, ते ठरवायचं होतं. जास्त पिकलेला माल वाटेत फुटतो. फळाच्या देठाशी वास बघून हे कळतं, आणि नेहमी त्याची बायको बघते. ती बाळंतपणाला माहेरी गेली होती.

नितीननं जाळीतून एक खरबूज काढून माझ्यापुढं धरलं. दोन्ही हातांनी. “बरं झालं तुमी भेटला. जरा बघा की, लांब जाईल का?”

आता बोलावं. ते शब्द जवळजवळ तोंडातून बाहेर पडले होते. बाजारात माणसं होती, पण आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मी फळ हातात घेतलं, देठाशी नाक नेलं, डोळे मिटले. काहीच नाही. उन्हानं तापलेली साल, बस. डोळे उघडले तर तो माझ्याकडं बघत होता — तसाच, पूर्वीसारखा.

मी म्हणालो, “जाईल.”

त्यानं हमालाला हात केला. जाळ्या टेम्पोत चढायला लागल्या.