आतल्या बाजूचा काळा टाका

लग्नानंतर आठव्या दिवशी उदगीरच्या स्टँडवर आईने मला पुण्याच्या गाडीत बसवलं, तेव्हा रडायचं काम तिने मावशीवर सोपवलं होतं. ती स्वतः खिडकीतून हात घालून माझ्या पिशवीत विणायच्या दोन सुया आणि लोकरीचा अर्धा गुंडा कोंबत होती. "तिकडं थंडी लई म्हणं. जावईबापूंला कानटोपी करून दे," एवढंच म्हणाली. नवरा चाकणच्या कंपनीत, खोली काळेवाडीत. मला वाटलं होतं, दोन-चार वर्षं राहू आणि परत येऊ. तुमच्यापैकी जे बाहेर पडले, तेही असंच म्हणून निघाले असतील.

पहिली कानटोपी नवऱ्याला केली. मग मीही तळवड्याला एका वर्कशॉपमध्ये वायरिंग जोडायच्या कामाला लागले आणि सकाळच्या शिफ्टच्या गाडीत माझ्या सुया सुरू झाल्या. शेजारी बसणारी शबाना म्हणाली, "ताई, माझ्या भाचीला एक करा ना." भाचीची झाली, मग सुपरवायझर मॅडमच्या नातवाची, मग गल्लीतल्या प्रत्येक बाळाची. कुणी मोबाईलवर क्रोशाचा हेअरबँड दाखवला की दोन दिवसांत तसाच करून द्यायचे. कौतुक झालं की मला चढतं, हे आधीच कबूल करते.

हात आईकडूनच आलेला. तिच्यापुढे कुणीही लोकरीची वस्तू ठेवली की ती आधी उलटी करायची. लोकरीची टोकं कुठे दडवलीत, गाठ कुठे मारलीय, ते बघायची. "उलट्या बाजूनं बघ, विणणारी तिथं घावती," म्हणायची. आणि कानटोपी पुरी झाली की आत, कानापाशी, काळ्या दोऱ्याचा एक टाका घालायची. बाळाच्या गालाला लावतात तशी टोपीला तीट. त्याशिवाय आमच्या घरातून टोपी बाहेर गेली नाही.

पुढे तिची बोटं आखडली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. फोनवर म्हणाली, "मला एक करून आण की गं. वाऱ्यानं कान ठणकायलेत." मी म्हटलं, या महिन्यात करते. खरंच करणार होते. पण ओव्हरटाइम लागला, मध्येच कुणाचं बारसं आलं, कुणाला मफलर हवा झाला. असे दोन हिवाळे गेले. तिने पुन्हा मागितली नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

तिसऱ्या थंडीत चुलतभावाचं लग्न निघालं. निघायच्या आदल्या दिवशी पिंपरीत फुटपाथवरच्या स्वेटरवाल्याकडून एक तपकिरी कानटोपी घेतली. एसटीत बसल्यावर आतलं लेबल कात्रीने कापलं, राहिलेले धागे नखाने उपटले. इतकी तयारी! घरी पोचल्यावर आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "मीच विणली."

तिने सवयीने ती उलटी केली. डोळ्यांनी नाही, बोटांनी बघितली. शिवण चाचपली, मग कानापाशी बोट जरा थांबलं. तेव्हा कुठे मला तीट आठवली. "ऊबदार हाय," म्हणाली आणि डोक्यावर चढवली. दुसऱ्या दिवशी लग्नात भेटेल त्या बाईला सांगत होती, "लेकीनं विणली, नोकरी करून." मी पंगतीत वाढायला घुसले ते शेवटपर्यंत बाहेर आले नाही.

पुढच्या दिवाळीला गेले तेव्हा थंडी पडायच्या आधी म्हणून ती टोपी धुवायला घेतली. उलटी केली, तर कानापाशी काळा टाका. जाड, वाकडा, दोनदा मारलेला. वहिनीला विचारलं. ती सासूला आत्या म्हणते. म्हणाली, "लग्नादिवशी सकाळीच आत्यांनी मला सुईत दोरा ओवायला लावला. म्हणल्या, गडबडीत तीट राहिली पोरीची, बाया उलटी करून बघतेत." खोटं मी बोलले होते, आणि ते उघडं पडू नये म्हणून आईने न दिसणाऱ्या डोळ्यांनी सुई धरली होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं, आता कुणाचं काही घेणार नाही. शबाना म्हणाली, "पहले अम्मीचं करा, ताई." आईची टोपी तीनदा उसवली, चौथ्यांदा मनासारखी झाली. संक्रांतीला घेऊन गेले. खरं काय ते सांगायचं म्हणून गाडीभर वाक्य जुळवत होते, पण तिच्यापुढे तोंडच उघडेना. तिने टोपी उलटी केली. दडवलेली टोकं सापडली, काळा टाका सापडला.

"ही तुझ्या हातची," म्हणाली.

मग डोक्यावरची जुनी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "ही तू ने. कंपनीच्या गाडीत वारा लागत असंल."

आता रोज सकाळी तीच घालते. कुणी घर विचारलं तर काळेवाडी सांगते. रेशनकार्ड, गॅस, मुलांची शाळा, सगळं इथलंच. पण खिडकीतून वारा आला आणि टोपी खाली ओढली की तो जाड टाका कानाला लागतो, आणि आईजवळ बसल्यासारखं वाटतं. माझ्यापुरतं घर म्हणजे आता तेवढंच आहे.

परवा शबानाने विचारलं, "ही पण तुम्हीच विणली?"

"नाही गं," मी म्हटलं, "विकतची आहे."

किती सहज म्हटलं. आईपुढे मला ते अजून म्हणता आलेलं नाही.